लातूरला न जाता नीट: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

या वेळी आलेली बहुतेक पत्रं नीटविषयी, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेविषयी आहेत. लेकरू हुशार आहे, डॉक्टर व्हायचं म्हणतंय आणि क्लासची फी झेपत नाही, हीच अडचण बऱ्याच पत्रांत आहे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देतो आहोत.

प्रश्न: मुलगी दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली. कोरडवाहू शेती आहे. लातूरला क्लास, होस्टेल आणि मेस असा दोन वर्षांचा खर्च ऐकला आणि गप्प बसलो. घरी राहून नीट निघते का? कमीत कमी किती पैसे लागतील?
— एक पालक, ता. जिंतूर

निघते. आधी क्लासमध्ये पैसे कशाचे जातात ते पाहा. तिथं तीन गोष्टी मिळतात: शिकवणी, ठरलेलं वेळापत्रक आणि दर आठवड्याची परीक्षा. शिकवणी आता फुकट मिळते, तीही पुरून उरेल एवढी. वेळापत्रक घरी बसवता येतं, फक्त घरच्यांनी ते पाळू दिलं पाहिजे. घरी बसून अभ्यास करणाऱ्यांचं घोडं अडतं ते परीक्षेपाशी. वर्षभर वाचतात, पण तीन तास घड्याळ लावून पेपर सोडवत नाहीत. म्हणून हातात जो पैसा आहे त्याचा मोठा वाटा सराव परीक्षेसाठी राखून ठेवा.

आता हिशोब. एनसीईआरटीची, म्हणजे केंद्राच्या अभ्यासक्रमाची, एकूण १० पुस्तकं लागतात: जीवशास्त्राचं अकरावीचं एक, बारावीचं एक, आणि भौतिक व रसायन या विषयांचे दोन्ही वर्षांचे दोन-दोन भाग. नवा संच दोन हजारांच्या आत बसतो, जुना त्याहून स्वस्त. एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर ही पुस्तकं फुकट आहेत, पण ती झेरॉक्सवाल्याकडून छापून घेऊ नका. अडीचशे पानांच्या पुस्तकाला पानाला २ रुपये धरले तरी ५०० होतात आणि छापील पुस्तक त्याहून कमी किमतीत येतं. विकत घेताना पान उजेडापुढे धरा, अस्सल प्रतीत कागदातच जलचिन्ह दिसतं. नकली प्रतीत आकृत्यांची नावं पुसट येतात, आणि जीवशास्त्रात आकृतीवरच प्रश्न असतो.

मागच्या वर्षांच्या प्रश्नांची धडावार पुस्तकं तीन विषयांना मिळून हजार-बाराशे धरा. टेस्ट सिरीजसाठी तीन हजार बाजूला ठेवा. वह्या, झेरॉक्स आणि ओएमआरचे (गोल भरायच्या उत्तरपत्रिकेचे) कोरे कागद यांना दीड हजार. परीक्षेचं शुल्क २०२५ साली खुल्या वर्गाला १७०० रुपये होतं, ईडब्ल्यूएस आणि ओबीसींना १६००, अनुसूचित जाती-जमातींना आणि दिव्यांगांना १०००. म्हणजे दोन वर्षांचं मिळून दहा हजारांच्या आतबाहेर.

निकालानंतरचा एक खर्च कुणी आधी सांगत नाही. अखिल भारतीय कोट्याच्या समुपदेशनात, म्हणजे देशपातळीवरच्या जागांच्या प्रवेशप्रक्रियेत, खुल्या वर्गाला १,००० रुपये नोंदणी आणि १०,००० रुपये अनामत लागते, राखीव वर्गाला ५०० आणि ५,०००. अनामत नियमाप्रमाणे परत मिळते, पण त्या आठवड्यात ती खात्यात असावी लागते. तो महिना पेरणीच्या आगेमागेच येतो, तेव्हा त्याची सोय आधीच करून ठेवा.

कुठं जमत नाही तेही सांगतो. घरी राहून शिकायचं म्हणजे घरातलं सगळं काम करून उरलेल्या वेळात शिकायचं, असा अर्थ घेतला तर दोन वर्षं वाया जातील. कॉलेज सांभाळून रोज किमान पाच तास तिचे स्वतःचे हवेत, आणि ते रोज एकाच वेळी. मुलींच्या बाबतीत हे जास्त बजावून सांगावं लागतं. पाहुणे आले की पहिला तास तिचाच जातो.

प्रश्न: मी बारावी विज्ञानला आहे. कॉलेजात स्टेट बोर्डाचं पुस्तक शिकवतात, नीटला एनसीईआरटी म्हणतात. दोन्ही वाचायला वेळ पुरत नाही. एकच काय वाचू?
— विद्यार्थी, उदगीर

वेळ पुरत नाही याचं कारण वेगळंच आहे. दोन्ही पुस्तकांत बराचसा मजकूर तोच आहे, फक्त इयत्ता वेगळी आहे. हे जुळवून घेतलं नाही तर एकच धडा दोनदा नव्यानं वाचला जातो.

भौतिकशास्त्र बघ. घूर्णन गती, द्रवांचे गुणधर्म, वायूंचा गतिज सिद्धांत, ऊष्मागतिकी, दोलनं आणि तरंग हे आपल्या बोर्डात बारावीला आहेत, एनसीईआरटीत अकरावीला. उलट स्थिरविद्युत, विद्युतधारा, प्रकाशकी आणि सेमीकंडक्टर यांची सुरुवात आपल्याकडे अकरावीत होते आणि एनसीईआरटीत ते बारावीत येतात. जीवशास्त्रात माणसाचं श्वसन, रक्ताभिसरण आणि चेतासंस्था आपल्या बारावीत, त्यांच्या अकरावीत. रसायनात आयनिक समतोल आणि ऊष्मागतिकीची तीच गत. तेव्हा कॉलेजात जो धडा चालू आहे, त्याच आठवड्यात एनसीईआरटीतला तोच धडा काढायचा, मग तो कुठल्याही इयत्तेचा असो. एका कागदावर दोन रकाने आखून दोन्हीकडच्या धड्यांची जोडी लाव. तासाभराचं काम आहे, पण वर्षभर पुरतं.

आता काय सोडायचं. नीटचा अभ्यासक्रम २०२४ च्या परीक्षेपासून कमी झाला. बोर्डाला आहे पण नीटला नाही असे धडे: घन अवस्था, पॉलिमर, पृष्ठशोषण आणि कलिल, हरित रसायन, वनस्पती आणि पाणी यांचा धडा, खनिज पोषण, मानवी पचन. हे बोर्डापुरते कर, त्यांचे नीटचे जुने प्रश्न सोडवत बसू नकोस. जुन्या प्रश्नसंचात हे धडे अजून असतात आणि पोरं प्रामाणिकपणे ते सोडवत राहतात.

याच्या उलट एक खड्डा आहे. पी-ब्लॉक, म्हणजे गट १३ ते १८ ची मूलद्रव्यं, नीटच्या अभ्यासक्रमात आहेत, पण एनसीईआरटीच्या नव्या रसायनाच्या पुस्तकांतून ते धडेच काढून टाकले आहेत. 'फक्त एनसीईआरटी' हा सल्ला शब्दशः पाळणाऱ्याच्या हातून हा भाग सुटतो. तुझ्याजवळ मात्र तो आहे: बोर्डाच्या अकरावीच्या पुस्तकात गट १३, १४, १५ आणि बारावीच्या पुस्तकात गट १६, १७, १८. बालभारतीच्या संकेतस्थळावर दोन्ही फुकट मिळतात. तेवढे दोन धडे नीटसाठीही बोर्डाच्याच पुस्तकातून कर.

जीवशास्त्राला मात्र एनसीईआरटीला पर्याय नाही. १८० पैकी ९० प्रश्न, ७२० पैकी ३६० गुण त्याचे, आणि प्रश्नातली वाक्यं बऱ्याचदा पुस्तकातल्या वाक्यांच्याच वळणाची असतात. अकरावीचे १९ आणि बारावीचे १३ असे ३२ धडे आहेत. वाचायचे कसे ते एका परिच्छेदावर दाखवतो. अर्धसूत्री विभाजनाच्या पहिल्या पूर्वावस्थेचे पाच टप्पे आहेत. लेप्टोटीनमध्ये गुणसूत्रं दिसू लागतात. झायगोटीनमध्ये समजात गुणसूत्रांच्या जोड्या लागतात, पॅकिटीनमध्ये जनुकांची देवाणघेवाण होते, डिप्लोटीनमध्ये जोड्या सुटू लागून कायझ्मा दिसतात आणि डायाकायनेसिसमध्ये त्या टोकांकडे सरकतात. हे नुसतं पाठ केलं तर 'जोड्या लावा' जमेल. पण प्रश्न असाही येतो: 'सायनॅप्टोनिमल कॉम्प्लेक्स कधी तयार होतो आणि कधी विरघळतो?' तयार झायगोटीनमध्ये होतो, विरघळतो डिप्लोटीनमध्ये. ही दोन उत्तरं पुस्तकात एकाखाली एक नाहीत, वेगवेगळ्या ओळींत आहेत. म्हणून धडा वाचून झाला की पुस्तक मिटून त्यावर स्वतः वीस प्रश्न तयार कर, त्यातले निम्मे तरी दोन वेगवेगळ्या ओळी जोडणारे असू देत. पिवळ्या पेनानं सगळं पान रंगवणं हा अभ्यास नव्हे.

आणि बोर्डाकडे पाठ फिरवू नकोस. प्रवेशासाठी भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून ५० टक्के लागतात, राखीव वर्गाला ४०. नीटमध्ये मार्क असूनही इथं अडकणारे असतात.

प्रश्न: गणित सोडून पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) घेतलं. भौतिकशास्त्र उघडलं की झोप येते. एकदा नीट दिली, फिजिक्समध्ये फार थोडे मार्क आले. कुठून सुरुवात करू?
— विद्यार्थिनी, माजलगाव

घूर्णन गतीपासून नक्कीच नको. पुस्तक पहिल्या पानापासून सुरू करायचं आणि चौथ्या-पाचव्या धड्याला अडकून सोडून द्यायचं, असं बहुतेकांचं होतं.

आधी पंधरा दिवस फक्त गणिताला दे, आणि तेही सगळ्या गणिताला नाही. सदिशांची बेरीज आणि दोन प्रकारचे गुणाकार, सोपं विकलन आणि संकलन, ०, ३०, ३७, ४५, ५३, ६०, ९० अंशांच्या साइन-कोसाइनच्या किमती, आलेखाचा चढ आणि आलेखाखालचं क्षेत्रफळ, दहाच्या घातांकांचे गुणाकार-भागाकार. कॅल्क्युलेटर नसतो, म्हणून ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. उणे घातांक खालून वर नेताना चिन्ह चुकतं आणि नेमकं ते चुकीचं उत्तर पर्यायांत हजर असतं.

मग लहान आणि सरळ धडे घे: मापन व एकक, विद्युतधारा, प्रकाशाचं द्वैत रूप, अणू, केंद्रक, सेमीकंडक्टर, विद्युतचुंबकीय तरंग. यांत सूत्रं कमी आहेत आणि बरेच प्रश्न सूत्रात किंमत टाकूनच सुटतात. दीड महिन्यात एवढं झालं की पेपरात हात चालतो. त्यानंतर गती, बल, कार्य-ऊर्जा या क्रमानं यांत्रिकी, आणि घूर्णन गती सगळ्यात शेवटी. प्रत्येक धड्याला एनसीईआरटीतली सोडवलेली उदाहरणं उत्तर झाकून सोडवायची. ती जमल्याशिवाय मागच्या वर्षांचे प्रश्न उघडू नकोस.

प्रायोगिक कौशल्यं हा घटकही नीटच्या अभ्यासक्रमात आहे. पाठ्यपुस्तकात तो एका जागी सापडत नाही, म्हणून तिकडे कुणी फिरकत नाही. एनसीईआरटीचं प्रयोगशाळा पुस्तक संकेतस्थळावर आहे, त्यातून तो कर. उदाहरणार्थ, स्क्रू गेजचं अंतराल १ मिलिमीटर आणि गोल पट्टीवर १०० भाग, म्हणजे लघुत्तम माप ०.०१ मिलिमीटर. मुख्य पट्टीवर ३ मिलिमीटर, गोल पट्टीवर ३५ वा भाग आणि शून्य त्रुटी धन ०.०३. वाचन ३.३५ आलं, त्यातून ०.०३ वजा, उत्तर ३.३२. निम्मी पोरं धन त्रुटी म्हणून मिळवतात आणि ३.३८ लिहितात. उपकरण आधीच ०.०३ जास्त दाखवतंय, मग ते काढायला नको का? असा एकदा विचार केला की नियम पाठ करावा लागत नाही. त्रुटींच्या टक्केवारीचंही तसंच. लंबकावरून गुरुत्व त्वरण काढताना लांबी एकदा येते आणि आवर्तकाल वर्गात येतो. लांबीत १ टक्का चूक आणि आवर्तकालात २ टक्के, तर उत्तरात १ अधिक २ गुणिले २, म्हणजे ५ टक्के. भागाकारात आहे म्हणून वजा करायचं नसतं, चुका नेहमी मिळवल्याच जातात.

शिकवणीवर पैसे खर्चायचेच असतील तर ते याच विषयावर खर्च. तीन विषयांचा क्लास लावण्याऐवजी तालुक्याला एखादे चांगले शिक्षक गाठ आणि आठवड्यातून दोनदा फक्त अडलेली गणितं घेऊन जा. यादी करून गेलीस तर दोन तास पुरतात.

प्रश्न: दहावीपर्यंत मराठी शाळा. नीट मराठीतून द्यावी का?
— विद्यार्थी, किनवट

फॉर्म भरताना मराठी निवडलीस तर प्रश्नपुस्तिका दोन भाषांत मिळते, एका बाजूला इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला मराठी. भाषांतरात शंका आली तर इंग्रजी मजकूर अंतिम. अडचण अशी की आपली अकरावी-बारावीची विज्ञानाची पुस्तकं इंग्रजीत आहेत. दोन वर्षं 'क्लोरोप्लास्ट' वाचल्यावर परीक्षेत 'हरितलवक' समोर आलं की क्षणभर थांबायला होतं. तेव्हा मराठी निवडायची तर निवड, पण वाचायचा मुख्य मजकूर इंग्रजीच ठेव आणि विधान-कारणाच्या लांब वाक्यात अडलास तरच शेजारी बघ. दोन्ही वाचत बसलास तर १८० मिनिटं पुरणार नाहीत.

प्रश्न: घरी सोडवताना उत्तरं बरोबर येतात, टेस्टला मार्क पडत नाहीत. निगेटिव्हमुळं किती सोडायचे आणि किती सोडवायचे तेही कळत नाही.
— विद्यार्थी, अंबड

घरी तू धडा वाचून लगेच त्याच धड्याचे प्रश्न सोडवतोस, म्हणून उत्तरं येतात. प्रश्न कुठल्या धड्याचा आहे हे ओळखण्याचं अर्धं काम आधीच झालेलं असतं. परीक्षेत ते आपल्याला करावं लागतं.

आधी पेपरचा साचा. २०२५ पासून १८० प्रश्न, सगळे सक्तीचे, वेळ १८० मिनिटं. २०२१ ते २०२४ मध्ये २०० पैकी १८० सोडवायची सोय होती, ती गेली. त्या वर्षांचे पेपर सोडवताना २० प्रश्न आधीच काट, म्हणजे वेळेचा अंदाज चुकणार नाही. वेळेची वाटणी म्हणून जीवशास्त्राला ४५ ते ५० मिनिटं, रसायनाला ५० आणि भौतिकला ६५ असं धरून सुरुवात कर. उरलेली १५-२० मिनिटं मागे ठेवलेल्या प्रश्नांना. जीवशास्त्रातल्या एका प्रश्नावर दोन मिनिटं घालवणं म्हणजे भौतिकचं एक गणित सोडणं.

ओएमआर हा स्वतंत्र विषय आहे. गोल भरायला वेळ लागतो आणि बॉलपेननं भरलेला गोल बदलता येत नाही. सगळं सोडवून शेवटी गोल भरणारे घाईत एक ओळ खाली सरकतात आणि तिथून पुढची सगळी उत्तरं जातात. प्रश्नपुस्तिकेचं एक पान झालं की त्या पानाचे गोल भर. सोडलेल्या प्रश्नाच्या क्रमांकाला पुस्तिकेत मोठी खूण कर. कोऱ्या ओएमआरच्या पंचवीस-तीस झेरॉक्स काढून ठेव आणि घरचा प्रत्येक पूर्ण पेपर त्यावरच दे.

सराव दुपारी दोन ते पाच या वेळेत कर, कारण परीक्षा त्याच वेळेत असते. मे महिन्यातल्या मराठवाड्याच्या दुपारी, जेवण झालेलं असताना, डोकं चालवायची सवय अंगी लागावी लागते. पहाटे चारला उठून सोडवलेल्या पेपरचे मार्क बघून हुरळून जाऊ नकोस. पत्र्याच्या घरात बसवत नसेल तर गावच्या शाळेची खोली किंवा तालुक्याचं ग्रंथालय बघ. लाइट जाणारच, तर जाऊ दे, पेपर थांबवू नकोस.

आता निगेटिव्ह. बरोबरला ४, चुकीला वजा १. काहीच माहीत नसताना चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला, तर असे वीस प्रश्न केल्यावर सरासरीनं ५ बरोबर येतील, १५ चुकतील: वीस वजा पंधरा, हाती ५ गुण. म्हणजे तोटा नाही, पण नशिबानं दोनच बरोबर आले तर ८ वजा १८, उणे १०. एवढ्याशा फायद्यासाठी हा जुगार खेळू नये. दोन पर्याय खात्रीनं कटले असतील तर हिशोब बदलतो: अशा दहा प्रश्नांत सरासरी ५ बरोबर आले तरी २० वजा ५, हाती १५. तिथं सोडून देणं हे नुकसान. नियम इतकाच ठेव: एकही पर्याय कटत नसेल तर सोड, दोन कटले तर लाव. एकच कटला तर तुझ्या मागच्या पेपरांकडे बघ, असे प्रश्न तू बरोबर आणतोस की चुकवतोस ते तिथंच दिसेल.

त्यासाठी चुकांची वही लागते. पाच रकाने आख: वाचलंच नव्हतं, वाचलेलं विसरलं, आकडेमोड चुकली, प्रश्न अर्धवट वाचला, ओएमआर. प्रत्येक चुकलेला प्रश्न एका रकान्यात टाक. तीन तासांच्या पेपरला चार तास तपासणी, हे प्रमाण कमी करू नकोस. पाच-सहा पेपरांनंतर वही आपणहून बोलते. 'अयोग्य विधान कोणते' यातला 'अयोग्य' निसटल्यामुळं गेलेले मार्क एकत्र मोजलेस तर चक्रावून जाशील. असे शब्द दिसताक्षणी त्याभोवती गोल काढायची सवय लाव. 'वाचलंच नव्हतं' हा रकाना भरत असेल तर आणखी टेस्ट सिरीज विकत घेऊन उपयोग नाही, पुस्तकाकडे परत जा.

रसायनातल्या आकडेमोडीसाठी थोड्या किमती तोंडपाठ असू देत: लॉग २ म्हणजे ०.३०१, लॉग ३ म्हणजे ०.४७७, लॉग ५ म्हणजे ०.६९९. पहिल्या कोटीच्या अभिक्रियेत ७५ टक्के पूर्ण व्हायला दोन अर्धायुष्यं लागतात आणि ९९ टक्क्यांना ९० टक्क्यांच्या दुप्पट वेळ. एवढं ध्यानात असलं तर त्या प्रश्नाला पेन टेकवावं लागत नाही.

प्रश्न: घरात एकच फोन आहे, तोही वडिलांसोबत शेतात जातो. ऑनलाइन शिकायचं कसं?
— विद्यार्थिनी, कळंब

व्हिडिओ कमी बघ, हे पहिलं. एक धडा आठ तास ऐकण्यापेक्षा दोन तास वाचून अडलेलाच भाग ऐकणं बरं. रात्री फोन हाती येतो तेव्हा उद्याचे दोन व्हिडिओ आणि प्रश्नांचं पान उतरवून घे. शिक्षण मंत्रालय आणि आयआयटी कानपूर यांचं 'साथी' पोर्टल फुकट आहे, त्यावर नीटचे तास आणि चाचण्या आहेत. परीक्षा घेणाऱ्या एनटीएचं 'नॅशनल टेस्ट अभ्यास' ॲपही फुकट आहे.

तू ओबीसी, भटक्या-विमुक्त किंवा विशेष मागास प्रवर्गातली असशील तर महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेच्या जाहिरातीवर लक्ष ठेव. अकरावी विज्ञानाला प्रवेश घेतलेल्यांना नीटचं ऑनलाइन प्रशिक्षण, टॅब आणि इंटरनेट डेटा अशी ती योजना आहे. अनुसूचित जातीसाठी बार्टी या तशाच संस्थेच्या जाहिराती बघ. दहावीच्या निकालानंतर थोड्याच आठवड्यांत अर्ज भरायचे असतात, आणि गावात ही बातमी बऱ्याचदा मुदत संपल्यावर पोचते. कॉलेजात विज्ञानाच्या सरांना आधीच विचारून ठेव.

प्रश्न: आमचं गाव तेलंगणाच्या हद्दीला. मोठ्या मुलानं दहावी तिकडं केली, बारावी इकडं करतोय. प्रवेशाला अडचण येईल का? कागदपत्रं कोणती लागतात?
— एक पालक, धर्माबाद

येऊ शकते, आणि मोठी. सरकारी महाविद्यालयांतल्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरतात. त्यासाठी महाराष्ट्राचा अधिवास तर लागतोच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. काही सवलती ठरावीक नोकरदारांच्या मुलांना आहेत, त्यात तुम्ही बसता का हे राज्याचे प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेत बघा. नसाल तर १५ टक्के अखिल भारतीय कोटा उरतो. धाकटं लेकरू असेल तर त्याची दहावी इकडेच करा. बीदरच्या बाजूला राहणाऱ्यांनाही हेच लागू.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त वेळ जातीच्या वैधता प्रमाणपत्राला लागतो. अकरावी-बारावी विज्ञानाच्या विद्यार्थ्याला कॉलेजमार्फत जिल्ह्याच्या समितीकडे अर्ज करता येतो. निकालाची वाट बघू नका, अकरावीतच प्रकरण टाका. ओबीसी असाल तर नॉन क्रिमिलेअर दोन लागतील: राज्याच्या नमुन्यातलं आणि केंद्राच्या नमुन्यातलं. राज्यात एनटी-व्हीजेएनटी असलेल्या बहुतेक जाती केंद्राच्या यादीत ओबीसी म्हणून आहेत, पण आपली जात त्या यादीत पाहिल्याशिवाय नीटच्या फॉर्मवर खूण करू नका. एसईबीसी हा प्रवर्ग केंद्राच्या फॉर्ममध्ये नाही, तो राज्याच्या प्रवेशात वेगळा नोंदवायचा असतो.

फीच्या धास्तीनं मुलींना मागे ठेवू नका. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. लांब जायची धास्ती असेल तर तीही आता तेवढी उरली नाही. संभाजीनगर, नांदेड, लातूर आणि अंबाजोगाई ही जुनी सरकारी महाविद्यालयं, त्यात धाराशिव, परभणी, जालना आणि हिंगोलीची भर पडून आठही जिल्ह्यांत एकेक झालं. ७० टक्के जागा त्या विभागातल्यांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना, हे जागावाटपाचं ७०:३० सूत्र २०२० साली रद्द झालं, त्यामुळं आता मराठवाड्याचा विद्यार्थी राज्याच्या कोट्यात सगळ्यांच्याच रांगेत उभा असतो. पसंतीक्रम भरताना फक्त आपल्या भागातली चार नावं टाकून थांबू नका.

प्रश्न: एक वर्ष गॅप घेतला, जमलं नाही. दुसरा घ्यावा का?
— विद्यार्थी, गेवराई

नीटला वयाची वरची मर्यादा नाही आणि किती वेळा द्यायची यावरही बंधन नाही. म्हणूनच हा निर्णय नियमावर सोडता येत नाही. शेवटचे पाच पूर्ण पेपर काढ. वर सांगितलेल्या चुकांच्या वहीत 'वाचलंच नव्हतं' या रकान्यात चुका जास्त असतील आणि अभ्यासाचे तास या वर्षी खरोखर वाढणार असतील, तर गॅपला अर्थ आहे. सगळं दोनदा वाचून झालंय आणि तरी मार्क त्याच पट्ट्यात फिरत असतील, तर त्याच खोलीत त्याच पुस्तकांवर आणखी एक वर्ष घालून फारसं हलणार नाही.

नीटच्याच मार्कांवर बीएएमएस (आयुर्वेद), बीएचएमएस (होमिओपॅथी), बीडीएस (दंतवैद्यक) आणि पशुवैद्यकाचे प्रवेश होतात. नांदेड आणि धाराशिवला सरकारी आयुर्वेद महाविद्यालयं आहेत, परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकाची. पशुवैद्यकाची आणि आयुषची (आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरेंची) नोंदणी वेगवेगळी करावी लागते, एमबीबीएसचा फॉर्म भरला म्हणजे ती आपोआप होत नाही. तारखा पुढेमागे पडतात, तेव्हा निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून दोन्ही संकेतस्थळं बघायला लाग.